थेट नंबर हवा, पण उचलणार कोण?

या महिन्यात कार्यालयीन दूरध्वनीविषयी आलेली बहुतेक पत्रे एकाच सोयीबद्दल विचारणा करणारी आहेत. ती सोय म्हणजे बाहेरून फोन करणाऱ्याला ऑपरेटरच्या मध्यस्थीविना हव्या त्या टेबलापर्यंत पोहोचवणारे डायरेक्ट इनवर्ड डायलिंग, अर्थात डीआयडी. पत्रे संक्षिप्त करून, पत्रलेखकांची व संस्थांची नावे वगळून येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या संस्थेचे कार्यालय फोर्टमधील एका जुन्या इमारतीच्या दोन मजल्यांवर आहे. ईपीएबीएक्सवर (कार्यालयातले फोन आपसात आणि बाहेरच्या लाइनींशी जोडणाऱ्या यंत्रावर) ६४ एक्स्टेन्शन असून बाहेरच्या ८ साध्या लाइन हंटिंगमध्ये लावलेल्या आहेत, म्हणजे एक लाइन व्यस्त असली की कॉल पुढच्या मोकळ्या लाइनवर जातो. ऑपरेटर एकच आहे. सकाळी ११ ते १ या वेळात बोर्ड नंबर (कार्यालयाचा मुख्य नंबर) सतत एंगेज लागतो आणि लागलाच तर ‘होल्ड करा’ एवढेच ऐकू येते, अशी तक्रार आहे. प्रत्येकाला थेट नंबर द्यावा असे विश्वस्तांनी ठरवले असून विक्रेता पीआरआय कार्ड व पीआरआय लाइन (एकाच जोडणीवर अनेक बोलणी नेणारी डिजिटल लाइन) घ्या असे सांगतो. आधी काय करावे? (प्रशासन अधिकारी, फोर्ट)

उत्तर : विक्रेत्याचा सल्ला चुकीचा नाही, मात्र त्याने शेवटची पायरी पहिली सांगितली आहे. लाइन आली की कार्ड बसवून ती जोडणे हे दिवसाभराचे काम आहे. त्याआधीचे कागदावरचे काम बरेच लांब चालते आणि ते तुमच्याऐवजी विक्रेता करू शकत नाही.

सध्याच्या लाइनींवर ही सोय का मिळत नाही, ते आधी पाहू. साध्या लाइनीवर एक्स्चेंज फक्त घंटा वाजवते. कोण फोन करतो आहे हे सीएलआयमुळे (फोन करणाऱ्याचा नंबर दाखवणाऱ्या सोयीमुळे) दिसते, पण त्याला कोण हवे आहे हे त्या घंटेत कुठेच नसते, म्हणून ते विचारायला ऑपरेटर बसवावा लागतो. डीआयडीमध्ये एक्स्चेंज घंटेच्या आधी तुमच्या ईपीएबीएक्सला फिरवलेल्या क्रमांकाचे अंक कळवते आणि ते अंक वाचून यंत्र कॉल योग्य एक्स्टेन्शनकडे पाठवते. त्यासाठी अंक वाहून नेणारी लाइन लागते, म्हणजे पीआरआय किंवा सिप ट्रंक (इंटरनेटच्या पद्धतीने कॉल नेणारी जोडणी). आपल्याकडची पीआरआय २.०४८ मेगाबिट वेगाची असते आणि तिच्यात ६४ किलोबिटचे ३२ कप्पे असतात. त्यांपैकी ३० बोलण्यासाठी, एक संकेतांसाठी आणि एक ताळमेळासाठी राखलेला असतो. तिच्यासोबत डीआयडी नंबर सहसा शंभराच्या गटाने मिळतात.

इथेच पुष्कळांचा गोंधळ होतो. नंबर १०० असले तरी एका वेळी बोलणी ३० च होतात, त्यामुळे नंबर वाढले म्हणजे लाइन वाढल्या असे नाही. तुम्हाला ३० पुरतील का, याचा हिशेब सोपा आहे. समजा, गर्दीच्या एका तासात येणारे आणि जाणारे मिळून १२० कॉल होतात व प्रत्येक सरासरी ३ मिनिटे चालतो. एकूण बोलणे ३६० मिनिटांचे, म्हणजे एका तासात ६ तासांचे झाले, आणि यालाच ६ अर्लांग म्हणतात. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. अर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९१७ मध्ये मांडलेल्या सूत्राने पाहिले, तर ६ अर्लांगचा भार ८ लाइनींवर टाकल्यास शंभरातले सुमारे १२ कॉल एंगेज लागून परत जातात. शंभरात एकाहून अधिक कॉल अडू नये असे वाटत असेल, तर १३ लाइन लागतात. ३० चॅनल त्याच अटीवर सुमारे २० अर्लांग पेलतात. म्हणजे तुमच्याकडच्या ‘एंगेज’चे खापर एकट्या ऑपरेटरवर फोडता येणार नाही, कारण लाइनीच अपुऱ्या आहेत. शिवाय ऑपरेटर माणूस शोधत असतो तेवढा वेळ त्या अपुऱ्या लाइनींपैकी एक ‘होल्ड’वर अडकून पडते. तुमच्याकडचे कॉल आठवडाभर मोजा आणि वरच्या आकड्यांच्या जागी तुमचे आकडे घाला.

आता कागदावरचे काम. एक तक्ता करा आणि त्यात प्रत्येक थेट नंबरासाठी एक ओळ ठेवा. तुम्हाला मिळालेल्या गटाचे शेवटचे चार अंक ६४०० ते ६४९९ आहेत असे धरू. मग एक ओळ अशी होईल : ‘६४१७, लेखा विभाग, देयके, एक्स्टेन्शन २१७, पाच घंटांनंतर २१८, तेथेही कोणी नसल्यास ऑपरेटर, सायंकाळी ६ नंतर ध्वनिमुद्रित संदेश.’ आपल्याकडच्या घंटेचे एक आवर्तन, म्हणजे दोनदा वाजून थांबणे, तीन सेकंदांचे असते, त्यामुळे पाच घंटा म्हणजे सुमारे १५ सेकंद. यापेक्षा जास्त वेळ कोणी थांबेल अशी अपेक्षा धरू नये. ‘पाच घंटांनंतर’ या रकान्यात काय लिहायचे यावर तुमच्या विभागप्रमुखांचे वाद होतील, आणि ते कार्ड बसण्याआधी होऊन गेलेले बरे. ऑपरेटर निदान ‘साहेब जागेवर नाहीत’ असे सांगत तरी होती. थेट नंबर दिला आणि पुढची वाट ठरवली नाही, तर रिकाम्या खुर्चीसमोर फोन नुसता वाजत राहतो.

तक्ता भरताना नंबर व्यक्तीला न देता जागेला द्या. ‘देयके’ या कामाचा ६४१७ हा नंबर, ते काम आज कोणाकडेही असो, तसाच राहिला पाहिजे. लोकांच्या बदल्या होतात, निवृत्ती येते, पण बाहेरच्यांच्या वहीत लिहिलेला नंबर बदलत नाही. थेट नंबराचे शेवटचे दोन अंक आणि एक्स्टेन्शनचे शेवटचे दोन अंक एकच ठेवा, म्हणजे कर्मचाऱ्यांना वेगळे पाठांतर नको. बोर्ड नंबर म्हणून ६४०० ठेवा. विभागांना दहा-दहाचे गट द्या आणि प्रत्येक गटात दोन-तीन नंबर मोकळे ठेवा. मोकळ्या नंबरावर आलेला कॉल ऑपरेटरकडे जाईल अशी सोय हवी.

एक्स्टेन्शनचा पहिला अंक निवडताना मात्र जपून. बहुतेक कार्यालयांत बाहेरच्या लाइनसाठी ० आणि ऑपरेटरसाठी ९ असतो, तेव्हा हे दोन अंक गेलेच. १ पासून सुरू होणारी एक्स्टेन्शन तर देऊच नयेत. एका कार्यालयात ११२ हे एक्स्टेन्शन भांडारपालाच्या टेबलावर होते. तिथे एखाद्याने घाईत मदतीसाठी ११२ फिरवला असता, तर पोलिसांऐवजी भांडारपाल बोलला असता. ११२ हा क्रमांक ० लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे बाहेर जायलाच हवा.

राहता राहिला कंपनीचा प्रश्न. मोबाइल नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर आहे, पण लँडलाइनला ती नाही. पुढे सेवादाता बदललात, तर शंभरच्या शंभर नंबर जातील आणि लेटरहेड, शिक्के, व्हिजिटिंग कार्डे सगळे नव्याने छापावे लागेल. म्हणून मासिक भाड्यातल्या थोड्याफार फरकासाठी कंपनी निवडू नका. तुमच्या इमारतीपर्यंत तिची फायबर आलेली आहे का, आणि बिघाड झाल्यास माणूस किती तासांत येईल, हे लेखी घ्या. जुन्या ८ लाइनींपैकी बोर्ड नंबराची आणि आणखी एक, अशा दोन लाइन वर्षभर तरी चालू ठेवा. जुना नंबर फिरवणारे फिरवतच राहतात, आणि पीआरआय बंद पडलीच तर त्या दिवशी निदान तेवढा आधार राहतो.

प्रश्न : गेल्या महिन्यात पीआरआय सुरू झाली. बाहेर फोन उत्तम लागतात, पण कोणताही थेट नंबर फिरवला तरी कॉल ऑपरेटरकडेच जातो. सेवादाता म्हणतो यंत्रात दोष आहे, आणि यंत्रवाला म्हणतो लाइनमध्ये. (व्यवस्थापक, लोअर परळ)

उत्तर : बाहेर फोन लागतात, म्हणजे तारा, कार्ड आणि संकेतांचा चॅनल ठीक आहेत. ऑपरेटरपर्यंत का होईना कॉल पोहोचतो, म्हणजे नंबरही एक्स्चेंजमध्ये उघडलेले आहेत, कारण ते उघडलेले नसते तर फोन करणाऱ्याला बाहेरच ध्वनिमुद्रित सूचना ऐकू आली असती. दोष बहुधा अंकांच्या संख्येत असावा. सेवादाता फिरवलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक पाठवू शकतो, मुंबईचे पूर्ण आठ पाठवू शकतो, किंवा २२ धरून दहाही पाठवू शकतो. तुमच्या यंत्राच्या डीआयडी तक्त्यात चार अंकांच्या नोंदी असतील आणि लाइनवरून दहा येत असतील, तर जुळणी होत नाही. न जुळलेला कॉल कुठे पाठवायचा, तर ऑपरेटरकडे, असे यंत्राला सांगितलेले असते, आणि ते मुकाट्याने तेच करते.

दोघांपैकी कोणाचे खरे हे ठरवायला एक पुरावा पुरतो. यंत्रवाल्याला लॅपटॉप जोडून संकेतांच्या चॅनलचा ट्रेस चालू करायला सांगा, मोबाइलवरून एक थेट नंबर फिरवा आणि कॉल मांडणीच्या संदेशात ‘कॉल्ड पार्टी नंबर’ या ओळीसमोर किती अंक आले ते मोजा. दहा आले असतील, तर पहिले सहा कापून टाकण्याची सूचना त्या ट्रंकवर घालायची. आठ आले असतील, तर पहिले चार कापायचे. हीच चाचणी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोबाइलवरून आणि एका लँडलाइनवरून करा.

अंक बरोबर येत असूनही कॉल ऑपरेटरकडेच जात असतील, तर ऑपरेटरच्या फोनवरचे नाइट सर्व्हिसचे बटण पाहा. हे चेष्टेने लिहिलेले नाही. डीआयडीच्या प्रत्येक नोंदीला दिवस, जेवणाची सुट्टी आणि रात्र असे वेगवेगळे पत्ते देता येतात. आमच्या पाहण्यातल्या एका कार्यालयात दोन्ही कंपन्यांची माणसे तीन दिवस तळ ठोकून होती. शेवटी असे आढळले, की शुक्रवारी संध्याकाळी दाबलेले ते बटण सोमवारी कोणी काढलेच नव्हते. यंत्राच्या दृष्टीने त्या कार्यालयात तीन दिवस रात्रच चालू होती.

दुरुस्तीनंतर शंभरही नंबर बाहेरून फिरवून पाहा. एकाने गच्चीवरून मोबाइलने फिरवायचे, दुसऱ्याने टेबलाटेबलांवर फिरत तक्त्यावर खूण करायची. एक दुपार जाईल, पण पुढचे तीन महिने तक्रारी येणार नाहीत. आणि फॅक्समध्ये किंवा बोलण्यात मधूनच टकटक ऐकू येत असेल, तर यंत्र घड्याळाचा ताल लाइनवरून घेते की स्वतःचा चालवते, तेही विचारा. तो लाइनवरूनच घ्यायचा असतो.

प्रश्न : आम्ही पीआरआयऐवजी सिप ट्रंक घेतली. थेट नंबर लागतात, घंटा वाजते, पण काही वेळा आमचा आवाज पलीकडे जातो आणि त्यांचा आम्हाला येत नाही. काही कॉल अर्ध्या मिनिटाने आपोआप तुटतात. इंटरनेटचा वेग वाढवावा का? (संगणक विभाग, अंधेरी पूर्व)

उत्तर : वेग वाढवून काही होणार नाही. आवाज पाठवण्याच्या नेहमीच्या जी.७११ पद्धतीत एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ किलोबिट लागतात, म्हणजे एका वेळी १० कॉल चालले तरी एक मेगाबिटही पूर्ण होत नाही. सिपमध्ये कॉल मांडण्याचे निरोप एका वाटेने जातात आणि आवाज दुसऱ्या वाटेने. तुमच्या यंत्राने निरोपात स्वतःचा कार्यालयातल्या नेटवर्कपुरता खासगी पत्ता (आयपी ॲड्रेस) लिहून पाठवला, तर पलीकडची बाजू आवाज त्या पत्त्यावर पाठवू पाहते, आणि तो पत्ता बाहेरच्या जगात कोणालाच ठाऊक नसतो. एकतर्फी आवाजामागे बहुतेक वेळा हेच असते. यंत्राच्या मांडणीत बाहेरचा सार्वजनिक पत्ता भरा, राउटरमधील ‘सिप एएलजी’ हा मदतनीस बंद करा (तो मदतीपेक्षा लुडबुडच अधिक करतो) आणि आवाजासाठी ठरलेली पोर्टची (नेटवर्कमधल्या क्रमांकित दारांची) मालिका फायरवॉलमध्ये उघडा, पण ती फक्त सेवादात्याच्या पत्त्यांसाठी.

अर्ध्या मिनिटाने तुटणारे कॉल घड्याळ लावून मोजा. ते नेमके ३२ सेकंदांनी तुटत असतील, तर निदान पक्के झाले. कॉल उचलल्यावर द्यावयाची शेवटची पोच पोहोचत नाही, आणि तिची वाट पाहण्याची सिपमधली नेहमीची मुदत ३२ सेकंदांची आहे. पोच हरवण्याचे मूळ पुन्हा तोच चुकीचा पत्ता असतो. सेवादात्याने सिपसाठी इंटरनेटपासून वेगळी जोडणी देऊ केली असेल तर ती घ्या, म्हणजे हा सगळा खटाटोप टळतो. शिवाय फोनना वीज देणारा नेटवर्क स्विच यूपीएसवर आहे ना, ते आजच पाहा. वीज गेल्यावर तुमचे सर्व थेट नंबर त्याच क्षणी मुके होतील.

प्रश्न : मी वसुली विभागात आहे. माझ्या टेबलावरून केलेल्या प्रत्येक कॉलवर माझा थेट नंबर समोरच्याला दिसतो आणि मग दिवसभर उलट फोन येत राहतात. बोर्ड नंबर दिसेल असे करता येते का? (वाचक भगिनी, विलेपार्ले)

उत्तर : करता येते. जाणाऱ्या कॉलवर कोणता नंबर दाखवायचा हे ईपीएबीएक्समध्ये प्रत्येक एक्स्टेन्शनला वेगळे ठरवता येते. अट इतकीच, की तो नंबर तुमच्या संस्थेला मिळालेल्या गटातला असावा. भलताच नंबर भरला, तर सेवादाता तो न स्वीकारता बहुधा बोर्ड नंबर दाखवतो. मात्र आम्ही बोर्ड नंबर सुचवणार नाही. उलट फोन ऑपरेटरकडे गेला, की ‘मला तुमच्याकडून कोणाचा फोन आला होता?’ या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसते. वसुली विभागासाठी एक सामाईक थेट नंबर ठेवा, विभागातील सर्वांच्या कॉलवर तोच दिसू द्या, आणि तो आळीपाळीने चार टेबलांवर वाजू द्या.

जाता जाता आणखी एक. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी ० लावावा लागतो. बाहेरच्या लाइनसाठीही ० असलेल्या कार्यालयांत त्यामुळे दोन शून्ये झाली, आणि ‘मोबाइल लागतच नाही’ ही तक्रार आजही येते. हे दुसरे शून्य यंत्राने आपणहून लावावे, अशी सूचना प्रोग्रॅमिंगमध्ये घालता येते.

प्रश्न : थेट डायलिंगची सोय केल्यापासून एका शनिवार-रविवारी परदेशी कॉलचे मोठे बिल आले. कार्यालय बंद होते. डीआयडीमुळे असे होऊ शकते का? (लेखापाल, भायखळा)

उत्तर : डीआयडीमुळे नाही, पण तिच्या नावाच्या शेजारणीमुळे होऊ शकते. डीआयएसए अथवा डिसा या सोयीत बाहेरचा माणूस ठरावीक नंबर फिरवून आणि परवलीचे अंक देऊन तुमच्या यंत्राचा डायल टोन मिळवतो आणि तुमच्या खर्चाने पुढे फोन लावतो. फिरतीवरील विक्री प्रतिनिधींसाठी कधी काळी ती उपयोगी होती, पण प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना तिचे काम उरलेले नाही. बसवणाऱ्याने दोन्ही सोयी एकदम चालू केल्या असाव्यात आणि परवलीचे अंक कारखान्यातून आलेले, १२३४ सारखे, तसेच ठेवले असावेत. डिसा पूर्ण बंद करा. व्हॉइसमेलमधून बाहेर कॉल वळवण्याची मुभा असेल, तर तीही काढा. ज्यांना आयएसडी लागत नाही त्या सर्व एक्स्टेन्शनवर ती बंद ठेवा, आणि कार्यालय बंद असताना तर सगळ्यांचीच. प्रोग्रॅमिंगचा पासवर्ड बदलून तो बंद पाकिटात मुख्य अधिकाऱ्याकडे ठेवा. त्या दोन दिवसांचा यंत्रातला कॉल रेकॉर्ड पुसला जाण्याआधी छापून घ्या, कारण सेवादात्याशी बोलताना तोच कामी येईल.

प्रश्न : आमचे दादरचे प्रकाशन-कार्यालय १२ जणांचे आहे. आम्हीही डीआयडी घ्यावी का? (एक वाचक, दादर पश्चिम)

उत्तर : १२ जणांसाठी पीआरआय घेणे म्हणजे दोन खोल्यांच्या घराला तीस दरवाजे बसवणे होय. दिवसात येणारे कॉल आधी मोजा. ते चाळीस-पन्नासाच्या आत असतील, तर तीन लाइन हंटिंगमध्ये ठेवून ‘मागणीसाठी १, हस्तलिखितांसाठी २’ असे सांगणारा ऑटो अटेंडंट पुरेल. तो संदेश मराठीत आणि वीस सेकंदांच्या आत संपणारा असावा. थेट नंबर हवेच असतील, तर चार-पाच चॅनलची सिप ट्रंक आणि दहा नंबर मिळतात का, ते विचारा. आणि पुस्तकांच्या मलपृष्ठांवर छापलेला जुना नंबर कोणत्याही परिस्थितीत सोडू नका. दहा वर्षांपूर्वीची प्रत हातात घेऊन फोन करणारा वाचक तोच नंबर फिरवणार आहे.